सज्ज्यातले पाहुणे

१

मळ्यावरचं काम आमच्या गावाकडच्या कामासारखंच होतं. सकाळी पुंजाराम मुकादम कडब्याच्या कोठाराचं कुलूप काढायचा. आम्ही डोळे चोळत बाहेर यायचो, बैलांना वैरण टाकायचो, गोठा झाडायचो, मोसंबीच्या आळ्यांना पाणी द्यायचो. दुपारी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. दिवस मावळला की पुन्हा कोठार आणि पुन्हा कुलूप. भिंती इतक्या उंच नसत्या, फाटकावर कुऱ्हाडी घेतलेले दोन राखणदार नसते आणि मुकादमाच्या खांद्याला एकबारी बंदूक नसती, तर कुणीही म्हणालं असतं की पोरं सालानं कामाला राहिलीत.

पोलिस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निजामाची राजवट गेली होती आणि नवी अजून खेड्यापाड्यांत पुरती पोचली नव्हती. गावातलं पोरगं निघून गेलं आणि परत आलं नाही, तर लोक म्हणायचे, गेलं असंल कुठंतरी कामाला. मी आणि माझा चुलतभाऊ फकिरा, दोघं बिडकीनचे. पिशोरच्या घाटात रस्त्याचं काम निघालंय असं सांगून एका माणसानं आम्हाला ट्रकमध्ये बसवलं. ट्रक थांबला तो या मळ्याच्या आत. मागं फाटक लागलं तेव्हासुद्धा आम्ही खडीचे ढीग शोधत होतो.

कोठारात आधीची पोरं होती. त्यांच्यात सोनाजी नावाचा धनगराचा दांडगा पोरगा आणि त्याची पाठची बहीण म्हाळसा होती. त्यांची मेंढरं मळ्यात शिरली, म्हणून मेंढरांसकट दोघांना धरून आणलं होतं. मेंढरं कुठं गेली ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"इथं काम काय असतं?" मी पहिल्या दिवशी सोनाजीला विचारलं.

"काम हेच, बैलांचं," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पिशोरचा बाजार असतो ना, त्या दिशी दुसरं असतंय."

२

मळ्याच्या मधोमध मोठी चिरेबंदी विहीर होती. समोरासमोर दोन धावा होत्या, म्हणजे दोन मोटा एकदम चालतील अशी सोय. आत उतरायला पायऱ्या नव्हत्या. भिंती गुळगुळीत, शेवाळलेल्या. आणि विहिरीच्या तिसऱ्या बाजूला, पाण्यावर झुकलेला एक दगडी सज्जा होता. त्याला वेताची चिक, म्हणजे पडदा, सोडलेली असायची. चिकेच्या आत मालक बसतात, एवढंच आम्हाला माहीत होतं.

बाजारच्या दिवशी दुपारी सगळ्यांना विहिरीवर उभं केलं. सज्ज्यात माणसं जमली होती. कुणी खाकरत होतं, कुणी हळू बोलत होतं, हुक्क्याची गुडगुड ऐकू येत होती. पुंजाराम सज्ज्याच्या जिन्यापाशी गेला, पायातले जोडे काढले, पहिल्या पायरीशी मान खाली घालून उभा राहिला. वरून काही सांगितलं असावं. तो मागं आला.

"बन्सी," तो म्हणाला. "आन् फकिरा."

बन्सी चितेगावचा. बोलताना डोळे मिचकावायची त्याला सवय होती. दोघांच्या कमरेला दोर बांधले, एकाला या धावेवरून, एकाला त्या. दोर आम्ही बाकीच्यांनी धरायचे. पुंजारामनं एक पितळी तांब्या खडे भरून विहिरीत टाकला. तो बुडताना एकदा चमकला.

"ज्याच्या हाती तांब्या, त्यानं दोराला झटका द्यायचा. त्याला वर वढायचं," पुंजाराम म्हणाला.

"आणि दुसऱ्याला?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "दुसऱ्याचा दोर सोडायचा."

मला वाटलं, दम देतोय. सोडला तरी पुन्हा टाकतील दोर. माणूस माणसाला असं पाण्यात ठेवतो थोडाच.

दोघं खाली गेले. वर येऊन श्वास घ्यायचे आणि पुन्हा बुडायचे. फकिराच्या दोराला झटका बसला. आम्ही त्याला ओढलं. पलीकडच्या धावेवरच्या पोरांकडं पुंजारामनं बंदूक वळवली. सोनाजी त्या बाजूला होता. त्यानं दोर सोडला नाही. तेव्हा पुंजारामनं कोयत्यानं दोर तोडला आणि टोक सळकन पाण्यात गेलं.

"ओ मुकादम!" बन्सीनं खालून हाक मारली. तो हसत होता. त्यालाही वाटत होतं की दम देतायत.

सज्ज्यातून टाळ्या वाजल्या.

आम्हाला कोठारात घातलं. तिथून विहीर दिसत नव्हती, पण ऐकू येत होतं. दुपारचं लख्ख ऊन होतं आणि पत्र्याच्या फटीतून त्याचे पट्टे आमच्या अंगावर पडले होते. म्हाळसानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते. मी बसलो होतो आणि मला एकच विचार येत होता, की आता कुणीतरी हे थांबवील. वर एवढी माणसं बसलीत, त्यांतलं कुणीतरी उठून म्हणेल की पुरे झालं.

मग ऐकू येणंही थांबलं.

३

फकिरा त्यानंतर दोन दिवस मान खाली घालून काम करत राहिला. तिसऱ्या दिवशी गोठ्यात शेण भरताना एकाएकी म्हणाला, "बद्री, तांब्या मला घावला नव्हता."

"म्हणजे?"

"तळ लागलाच नाय मला. मी वर यायलो होतो. खालून कुणी तरी हातात दिला."

"बन्सीनं दिला असंल," मी म्हणालो.

"बन्सी माझ्या वर होता. त्याचे पाय दिसायले होते मला."

मी त्याला समजावलं. पाण्यात वर-खाली कळत नाही, छातीतला वारा संपला की माणसाला काहीही भासतं. मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलो होतो. आमचे मास्तर म्हणायचे, कारण नाही अशी गोष्ट नसते, आपल्याला ते ठाऊक नसतं एवढंच. त्या मळ्यावर मी याच एका वाक्याला धरून होतो.

पुढच्या बाजारी पुंजारामनं मला पानाचं तबक आणि पाण्याची सुरई दिली. "जिन्याच्या वरल्या पायरीवर ठिवायचं, आन् माघारी यायचं. वर बघायचं नाय." मी ठेवलं. लोटलेल्या दाराआड बांगड्या किणकिणल्या, कुणीतरी घसा साफ केला. माझ्या आणि त्यांच्या मध्ये फक्त ते एक दार होतं. मी खाली मान घालून उतरलो.

खाली आल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. घरात शिरल्यावर एखादी वस्तू जागेवर नसली की वाटतं तसं. मी जिन्याकडं वळून पाहिलं आणि मग लक्षात आलं.

जोडे नव्हते. वर इतकी माणसं बसलेली आणि जिन्याखाली पुंजारामचे जोडे तेवढे, धूळभरले, एकमेकांना चिकटून.

वर नेले असतील, मी मनाशी म्हणालो. बड्या लोकांचे जोडे नोकर सांभाळतो. मग नोकर कुठाय? ते आले कशानं? फाटकाशी गाडीची चाकोरी नव्हती, घोड्याची लीद नव्हती. मागच्या बाजूला दुसरं फाटक असेल. असेलच.

त्या दिवशी विहिरीत गेलेल्या दोघांपैकी एक वर आला. त्याचं नाव मी सांगत नाही, तो पुढं बरीच वर्षं जगला. जो राहिला तो सगळ्यांत लहान होता. टाळ्या झाल्या. मी तबक आणायला गेलो. पानं होती तशीच होती. सुरई भरलेली होती. चुन्यावर धुळीची साय धरली होती, जशी बरेच दिवस उघड्या पडलेल्या चुन्यावर धरते.

मी ते तबक दुपारीच ठेवलं होतं.

४

"ह्या मळ्याचा मालक तर गेला की कव्हाच," सोनाजी म्हणाला. आम्ही कोठाराच्या मागच्या कोपऱ्यात बसलो होतो. "पोलिस ॲक्शनच्या आधीच गेला हैदराबादला. आमचा बाप दर साली हितं मेंढरं बसवायचा, त्याला ठाव हाय. समदं टाकून गेला."

"मग लपून परत आला असंल," मी म्हणालो.

"असंल," सोनाजी म्हणाला. "मला त्याचं काय करायचंय? मला आता कुणाचा दोर सोडायचा नाय. बन्सी मला डोळे मिचकावून दाखवत होता खालून."

युक्ती म्हाळसाची होती. बैलांच्या वैरणीत अंबाडीच्या काड्या असायच्या. ती त्यांची साल सोलून मांडीवर वळायची आणि बारीक, चिवट दोरी करायची. दिवसभर करायची आणि केस बांधायच्या निमित्तानं वेणीत लपवायची.

"जे खाली जातील त्यांतल्या एकानं ही धोतराच्या आत कमरंला गुंडाळायची," ती म्हणाली. "पाण्यात गेलं की एक टोक एकाच्या दोराला, एक दुसऱ्याच्या. मंग एकाला वढलं की दुसराबी वर येतोय."

"आणि तांब्या घावल्यावर एखाद्यानं दुसऱ्याची गाठ सोडली तर?" फकिरानं विचारलं.

तो प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. आम्ही एकमेकांकडं कोण आधी मरेल अशा नजरेनं बघायला लागलो होतो, आणि ते सगळ्यांना कळत होतं.

म्हाळसा उठली, फकिराजवळ गेली. "हे बघ फकिराभाऊ. मला कुनी सोडलं तर मी बुडीन, आन् तसंबी बुडायचंच हाय. पन तू सोडणार नायस. मी बघितलंय तुला, बन्सीची भाकर अजून बाजूला काढून ठिवतोस."

फकिरा रडला. मग सगळे तयार झाले.

"मुकादमाला कळलं तर?" कुणीतरी म्हणालं.

"कळूंदे," सोनाजी म्हणाला. "दोघं वर आल्यावर कळूंदे. येक डाव तरी त्यांचा खेळ मोडलेला बघू."

५

बाजारचा दिवस आला. आभाळ निरभ्र होतं. दूरच्या रस्त्यानं पिशोरला जाणाऱ्या बैलांच्या घुंगरांचा आवाज भिंतीवरून येत होता. तिकडं लोक मिरच्या आणि बांगड्या घ्यायला चालले होते.

पुंजाराम जिन्यापाशी जाऊन आला. "फकिरा," तो म्हणाला. "आन् सोनाजी."

म्हाळसाचा चेहरा उतरला, पण दोर बांधायच्या गडबडीत तिनं वेणीतली दोरी काढून सोनाजीकडं सरकवली. त्यानं ती धोतराच्या आत कमरेला गुंडाळली.

दोघं पाण्यात गेले. सज्ज्यात कुजबुज चालली होती. मी फकिराच्या दोरावर होतो, म्हाळसा सोनाजीच्या. पाण्यावर बुडबुडे येत, विरत. खूप वेळ कुणीच वर आलं नाही. मग माझ्या हातातल्या दोराला झटका बसला.

"वढा!" पुंजाराम ओरडला आणि कोयता घेऊन पलीकडच्या धावेवर गेला. त्यानं सोनाजीचा दोर तोडला. टोक खाली गेलं.

आम्ही ओढलं. दोर जड लागला, हाताची सालं निघाली. पलीकडची पोरं धावत आमच्या बाजूला आली आणि दोराला भिडली. पुंजाराम "ए! ए!" म्हणत राहिला. फकिराचं डोकं काठाशी आलं, त्याच्या मागोमाग, एका हातानं त्याला मिठी मारलेला सोनाजी. दोघं काठावर पालथे पडले, खोकत, हसत. तांब्या फकिराच्या हातातून घरंगळत गेला.

आम्ही ओरडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमचा आवाज त्या विहिरीत घुमला.

मग आमच्या लक्षात आलं की सज्जा गप्प झालाय. खाकरणं नाही, हुक्का नाही. ती शांतता रिकाम्या जागेची नव्हती. खूप माणसं एकदम श्वास रोखून बसली की होते, तशी होती.

पुंजाराम जिन्याकडं गेला. जोडे काढले. मान खाली घातली. बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा रंग गेलेला होता.

"मालक म्हनत्यात, असं चालनार नाय," तो हळू म्हणाला. "दोघं नकोत."

सोनाजी उठला. अंगातून पाणी निथळत होतं. दोन्ही हात मोकळे पुढं धरून तो पुंजारामकडं चालत गेला. "मुकादम, बास झालं आता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दमलेल्या बैलाला समजवावं तसा तो बोलला. "तुमालाबी लेकरं असतील. बास करा."

पुंजारामनं बंदूक झाडली.

मी तो आवाज ऐकला, धूर पाहिला, आणि तरी मला काही कळलं नाही. सोनाजी खाली बसला. त्यानं आपल्या छातीकडं पाहिलं, मग म्हाळसाकडं, जणू तिनं काहीतरी विचारलं होतं आणि त्याला उत्तर आठवत नव्हतं. मग तो कुशीवर कलंडला. फकिरानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि "सोन्या, ए सोन्या" म्हणत त्याच्या तोंडावरचं पाणी पुसत राहिला. पुंजाराम रिकामी बंदूक घेऊन तसाच उभा होता आणि त्याचा कोयता धावेवर पडला होता.

म्हाळसानं कोयता उचलला आणि जिन्याकडं धावली.

६

मी तिच्या मागं गेलो. तिला थांबवायला की तिच्या बरोबर, ते मला त्या वेळीही माहीत नव्हतं. तिनं दार ढकललं आणि आत शिरली. कोयत्याचे वार मला ऐकू आले. चिक फाटून खाली विहिरीत पडली आणि दुपारचं ऊन सज्ज्यात घुसलं.

मी चौकटीत उभा राहिलो.

आत कुणी नव्हतं.

लांबट खोली. दोन्ही भिंतींना लागून गाद्या आणि लोड मांडलेले, समोर विहिरीकडं तोंड करून. सगळ्यावर बोटभर धूळ. कोपऱ्यात हुक्का आडवा पडलेला, त्याची नळी उंदरांनी कुरतडलेली. छताला वटवाघळांची घाण. आणि धुळीत म्हाळसाच्या अनवाणी पावलांखेरीज दुसरं पाऊल नव्हतं.

"कुठंय?" म्हाळसा म्हणाली. ती कोयता घेऊन गोल फिरत होती. "बद्रीभाऊ, कुठंयत समदे? मी आत्ता ऐकलंय त्यांना."

मी दुसरं दार शोधलं. भिंत चाचपली. तीन बाजूंना चिरेबंदी भिंत होती, चौथीला विहीर. माझं डोकं अजून कारण शोधत होतं आणि हात दगडांवर फिरत होते.

जिन्यावर पावलं वाजली. पुंजाराम आला. जोडे खाली काढून, वाकून, नजर जमिनीला लावून. चौकटीशी येऊन तो थांबला आणि मग त्यानं वर पाहिलं.

"मी वर कधी आलो नाय," तो म्हणाला. कुणाला सांगत होता कोण जाणे. "हुकूम खाली यायचा. माझ्या बापालाबी तसाच यायचा." त्यानं गाद्यांवरून नजर फिरवली. "हितं तर कुनीच..."

तेवढ्यात मला ती गादी दिसली.

भिंतीलगतची सर्वांत पुढची. तिच्या मधोमध खोलगट होतं, माणूस मांडी घालून बसतो तेवढं. मी तिच्याकडं बघत होतो. खोलगट भाग हळूहळू वर आला. कापूस फुगावा तसा, वजन उचललं गेल्यावर गादी वर येते तसा. वरची धूळ जराही हलली नाही. मग तिच्या शेजारची गादी वर आली. मग तिच्या पलीकडची.

ते उठत होते.

म्हाळसाचा हात माझ्या दंडावर पडला. तिनं पाहिलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. आम्ही पाठ न फिरवता चौकटीबाहेर सरकलो. पुंजाराम सरकला नाही. त्यानं बंदूक भिंतीला टेकवून ठेवली, दोन्ही हात पोटाशी धरले आणि रिकाम्या खोलीसमोर मान झुकवली.

"जी," तो म्हणाला. ऐकून घेतलं. "जी, मालक."

त्यानं पटका काढून घडी करून ठेवला. सदरा काढला. विहिरीत उतरणाऱ्या पोरांना तो जसं करायला लावायचा, त्याच क्रमानं, सावकाश, सगळं केलं. मग तो थबकला आणि त्यानं अदबीनं विचारलं, "आन् जोडीला कोन, मालक?"

त्यानं मान कलती करून उत्तर ऐकलं. मग तो आमच्याकडं वळला आणि त्यानं नाव घेतलं.

७

फाटक उघडं होतं. राखणदार कधी पळाले ते कुणी पाहिलं नाही, एकाची कुऱ्हाड तिथंच पडली होती. आम्ही सोनाजीला घोंगडीत घातलं आणि चौघांनी चार टोकं धरली. मळ्याची भिंत मागं पडेपर्यंत कुणी थांबलं नाही. मागून पाण्याचा आवाज आला की नाही, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. माझ्या कानांत माझंच रक्त वाजत होतं.

रस्त्याला लागल्यावर एका बाभळीखाली आम्ही घोंगडी टेकवली. बाजारातून परतणाऱ्या बायका दुरून आमच्याकडं बघत होत्या. फकिरा सोनाजीच्या पायाशी बसला.

"त्या मुकादमानं वरून मला हाक का मारली?" त्यानं विचारलं.

"तुला?" मी म्हणालो. "तू तर खाली होतास."

"खाली होतो, पन सज्ज्यातून साफ ऐकू आलं. 'फकिरा' म्हनला."

मी म्हाळसाकडं बघितलं. ती भावाच्या कपाळावरचे ओले केस मागं सारत होती. तिचा हात थांबला.

"नाय," ती म्हणाली. "माझं नाव घेतलं त्यानं. माझ्याकडं बघून घेतलं."

घोंगडीच्या चौथ्या टोकाशी असलेला पोरगा एकदम उभा राहिला आणि आमच्यापासून दोन पावलं मागं सरला. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

मी मागं वळून मळ्याकडं पाहिलं. पुंजाराम माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, माझ्या डोळ्यांत बघत होता आणि त्यानं अगदी स्पष्ट 'बद्रीनाथ' म्हटलं होतं. आईनं पाळण्यात ठेवलेलं पूर्ण नाव. ते मी मळ्यावर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आम्ही पुन्हा घोंगडी उचलली. पिशोर अजून बरंच लांब होतं. वाटेत दोनदा म्हाळसाचा पाय लचकला, एकदा फकिराच्या हातातलं टोक सुटलं, पण आम्ही खाकरून एकमेकांना थांबवलं. गाव येईपर्यंत कुणी कुणाला नावानं हाक मारली नाही.